हनुवटीचा टाका

दुपारी तीनच्या सुमाराला बायको खाली चहा प्यायला जायची. त्याआधी ती त्याला पलंगावरून उतरवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, डोक्यामागे दोन उशा कोंबायची, मांडीवर पाटी आणि खडू ठेवायची आणि रोज तेच वाक्य म्हणायची.

"अहो, वीस मिनिटांत आलेच. मान हलवू नका."

तो पाटीवर लिहायचा, "ठेवलीय कुठे हलवायला!"

ते खरंच होतं. त्याची हनुवटी दोन जाड धाग्यांनी छातीच्या कातडीला शिवून टाकली होती. सात दिवसांसाठी, आणि तोवर बोलायलाही मनाई होती. त्याला स्वतःचं पोट दिसायचं, मांडीवरची पाटी दिसायची आणि पुढे चार फरश्या दिसायच्या. माणसं त्याच्याकडे पायांपुरतीच यायची. सिस्टर म्हणजे पांढरे कॅनव्हासचे बूट, डाव्याची नाडी कायम सुटलेली. सर्जन म्हणजे तपकिरी बूट, किमती, पण पॉलिशला महाग. बायको म्हणजे एक चप्पल, जिचा अंगठा त्यानेच दोनदा शिवून दिला होता.

दुसऱ्या कुणाचा जीव एव्हाना मेटाकुटीला आला असता. याचा आला नाही, कारण हा माणूस जन्मभर असाच जगला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं चपला-बूट शिवायचं दुकान होतं. खोलीभर जागा, एक बुटकं स्टूल, समोर गुडघ्याएवढी फळी. गल्ली त्याला कारागीर म्हणायची. गिऱ्हाईक फळीपलीकडे उभं राहायचं आणि हा खाली बघूनच बोलायचा. वडिलांची शिकवणच तशी होती. "तोंडाकडे बघितलंस की भीड पडते," ते म्हणायचे. "पाय बघ. तोंड दहा वेळा खोटं बोलेल, पाय खोटं बोलत नाहीत." ही शिकवण त्याने इतकी मनावर घेतली होती की वीस-वीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांची तोंडं त्याला ठाऊक नव्हती. नावं तर नाहीच नाही. दुरुस्तीला आलेल्या जोड्याला तो कातड्याचा बिल्ला बांधायचा आणि बिल्ला मधोमध वेडावाकडा कापायचा. अर्धा जोड्याला, अर्धा गिऱ्हाइकाला. कडेला कड जुळली की जोडा तुमचा, घ्या आणि चला.

पाच महिन्यांपूर्वी त्याला न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत गाडी यंत्रावर गेली. एकोणीस दिवस तोंडातून घशात नळी होती आणि यंत्र त्याच्या वतीने श्वास घेत होतं. माणूस वाचला, पण किंमत वसूल झाली. नळी जागेवर बसावी म्हणून तिच्या टोकाला एक छोटा फुगा असतो. तो फुगा एकोणीस दिवस श्वासनळीच्या आतल्या अस्तराला दाबत राहिला. तिथे जखम झाली, आणि घरी आल्यावर ती भरता भरता आवळत गेली. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना, मग बसल्या जागी. श्वास आत घेतला की बारीक शिट्टी वाजायची. दम्याची औषधं झाली, तेही पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा श्वासनळी एका जागी पेन्सिलीएवढी उरलेली होती. एकदा ताणून मोकळी केली, तर तीन आठवड्यांत ती पुन्हा आवळली.

"आवळलेला तुकडा कापून काढायचा आणि दोन टोकं एकमेकांना शिवायची," सर्जन म्हणाले होते.

"पट्टा मधेच कुजला की करतात, तसं," कारागीर शिट्टी वाजवत म्हणाला.

"अगदी तसं."

"म्हणजे पट्टा आखूड होणार."

"होणार. म्हणून हनुवटी खाली बांधून ठेवायची. मान वर केलीत की जोडावर ताण येणार. आणि आतला टाका सुटला तर... आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही शिवताच की."

कारागिराला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "धागा चांगला आहे ना?"

शस्त्रक्रिया छान झाली. शिट्टी गेली. बायको दिवसातून दहा वेळा त्याच्या छातीशी कान नेऊन म्हणायची, "ऐकलंत? काहीच ऐकू येत नाही!"

तिसऱ्या दिवशी ती चहाला गेली आणि शिट्टी पुन्हा ऐकू आली.

बाहेर लख्ख ऊन होतं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी औषधांची गाडी ढकलत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. त्या करकरीच्या खालून ती आली. बारीक, ओढलेली, आत जाणाऱ्या श्वासाबरोबर वाजणारी. जोड आवळला, कारागिराला वाटलं. एवढं सगळं करून पुन्हा आवळला. त्याने खात्री करायला श्वास रोखून धरला.

शिट्टी चालूच राहिली.

ती समोरून येत होती. त्याने डोळे जमतील तेवढे वर फिरवले. चौथ्या फरशीवर दोन पाय उभे होते.

अनवाणी. पंजे कोरडे आणि पिठूळ पांढरे. दोन्ही पायांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब, टाचेला बाहेरच्या अंगाने जाड घट्टा, एक नख काळं. उजव्या अंगठ्याला पांढरा दोरा बांधलेला आणि त्याचं टोक फरशीवर लोंबत होतं. स्पिरिटचा आणि ओल्या कापसाचा वास खोलीभर पसरला.

कारागिराने ते पाय ओळखले. आणि ओळखताच त्याला स्वतःची लाज वाटली, भीतीच्याही आधी.

कारण ते पाय त्याने त्या एकोणीस दिवसांत रोज पाहिले होते. समोरच्या पलंगावर एक माणूस होता. रस्त्यावर कुठल्याशा गाडीने उडवलेला, खिशात कागद नाही, डोकं आणि तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं. तक्त्यावर लिहिलं होतं, 'अनोळखी, पुरुष'. त्याच्याही घशात नळी होती. चादरीबाहेर पाय तेवढे यायचे, आणि कारागीर गुंगीत ते पाय बघत पडायचा. एके दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला, अरे, हा तर आपला गिऱ्हाईक! बाहेरून टाच झिजवणारा, वर्षातून दोनदा येणारा. त्याचा काळा जोडा आपल्याच दुकानात फळीवर पडून आहे, अर्धा बिल्ला बांधून. पण सांगणार कसं, तोंडात नळी. आणि नळी निघायच्या आदल्या दिवशी समोरचा पलंग रिकामा झाला. पायाला दोरा बांधून त्याला नेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर दोष कुणाचाच नव्हता. पण नळी निघाल्यावर दोन दिवसांनी चौकशीला एक पोलीस शिपाई आला होता. "या माणसाला कुणी ओळखतं का?" असं त्याने पलंगापलंगाशी जाऊन विचारलं. कारागिराला तेव्हा कुजबुजता येत होतं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याला घरी जायचं होतं. नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, नुसत्या पायांवर काय सांगणार आणि सांगून पुढचं झेंगट कोण निस्तरणार? कशाला लष्कराच्या भाकरी भाजायच्या?

आता ते पाय एक फरशी पुढे आले.

"वर... बघ," कुणीतरी म्हणालं. आवाज असा नव्हताच, शिट्टीलाच शब्द फुटले होते.

कारागिराने खुर्चीच्या हातावरची घंटी दाबली. पांढरे कॅनव्हासचे बूट धावत आले, सुटलेली नाडी फटफटत.

"काय झालं काका? दम लागला?"

फरशी मोकळी होती. त्याने लिहिलं, "कोण आलं होतं?"

"कुणी नाही हो. तुमचं दार माझ्या टेबलासमोरच आहे. माशी गेली तरी दिसते मला."

चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी ते आले. भुताचे पाय उलटे असतात असं लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे सुलटे होते, बोटं त्याच्याकडे रोखलेली, आणि त्याला वाटलं, उलटे असते तर बरं झालं असतं, निदान जाताहेत असं तरी वाटलं असतं.

"वर बघ... तोंड बघ माझं..."

त्यात धमकी नव्हती. त्यात अजिजी होती आणि तीच कारागिराला सोसवेना. वर्षानुवर्षं माणूस दारात येतो, आपण एकदाही त्याच्या तोंडाकडे बघत नाही. मग तो मरतो, तेव्हाही बघत नाही. त्याची मान नकळत उचलली गेली. धाग्याने हनुवटीची कातडी खसकन ओढली, कळ मस्तकात गेली आणि पाटीवर रक्ताचा थेंब पडला. थोडक्यात वाचला. त्याने डोळे गच्च मिटून घेतले, मग उघडले, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सात दिवस होईपर्यंत थांब. टाका निघाला की बघेन." पाटी फिरवून त्याने पायांसमोर धरली.

शिट्टी थांबली. पाय वळले नाहीत. तसेच, बोटं त्याच्याकडे ठेवून, मागे मागे सरकत दारापाशी गेले.

बायको आली तेव्हा पाटी त्याच्या हातातच होती.

"कुणाला थांबायला सांगताय?" तिने विचारलं. मग रक्त बघितलं आणि तिचा आवाज चढला. "मान हलवलीत ना? हलवलीत! अहो, जिवाशी खेळ आहे हा!"

त्याने तिला सगळं लिहून सांगितलं, पाच वेळा पाटी पुसून. वाचून झाल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या चपलेचा अंगठा अस्वस्थपणे हलत होता.

"गुंगीत होतात तुम्ही तेव्हा," ती हळूच म्हणाली. "मला सिस्टर म्हणायचात आणि सिस्टरला आई. पायांवरून कुणी माणूस ओळखतं का?"

"पाय खोटं बोलत नाहीत," त्याने लिहिलं.

"मग घरी गेल्यावर सांगा कुणाला तरी. पण आता मान सांभाळा. तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

दोन दिवस ती चहाला गेली नाही.

सातव्या दिवशी सर्जनने धागे कापले. मग दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली लावली. बोटं गार होती, नुकतीच धुतलेली. "घाई नाही," ते म्हणाले आणि अगदी सावकाश, एक एक सूतभर, हनुवटी वर उचलली. कारागिराला शर्टाची बटणं दिसली, मग सर्जनचं तोंड, अपेक्षेपेक्षा तरुण आणि दमलेलं. मग बायको. ती केवढी वाळली होती. तिसरं कुणी खोलीत नव्हतं. त्याला रडू आलं आणि रडताना शिट्टी वाजली नाही.

घरी गेल्यावर तो कुणाला काही बोलला नाही. रोज म्हणायचा, उद्या. महिन्याने दुकान उघडलं. फळीवर तो काळा जोडा धूळ खात होता. कारागिराने त्याला नवी टाच बसवली, धूळ पुसली आणि मनाशी ठरवलं, कुणी घ्यायला आलं की सांगू. आवाज अजून बारीक होता, ओरडता येत नव्हतं. मान मोकळी होती. तरी तो खालीच बघायचा. वळण पडलेलं.

एका दुपारी फळीपलीकडे दोन पाय येऊन उभे राहिले. मुलीचे, सपाट सँडलमधले, चालून चालून धुळीने माखलेले.

"काका, हे तुमचंच आहे का?" तिने फळीवर अर्धा बिल्ला ठेवला.

त्याने काळा जोडा काढला. कडेला कड जुळली.

"कुणाचा जोडा?" त्याने विचारलं. उभ्या आयुष्यात त्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

"बाबांचा. सहा महिने झाले, घरात भांडण झालं आणि ते निघून गेले. हा तुकडा त्यांच्या जुन्या पँटच्या खिशात सापडला. दोन दिवस मी एकेक दुकान विचारत फिरतेय. इथे आले होते का हो ते? काही बोलले होते?"

नुसता जोडा कागदात गुंडाळून देता आला असता. कारागिराच्या मनात ते येऊन गेलं. पण भिंतीकडे तोंड करायची ही दुसरी वेळ झाली असती. त्याने मान वर केली आणि मुलीकडे बघितलं. उन्हाने रापलेला, आशेने भरलेला चेहरा होता तो.

"बस बाळ," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. पलंग, पट्ट्या, पाय, शिपाई. आपण गप्प राहिलो तेही सांगितलं.

मुलगी पायरीवर बसून ऐकत होती.

"तोंड पाहिलंत तुम्ही?"

"नाही."

"मग ते बाबाच होते, कशावरून?"

"पायांवरून. माझा जन्म गेलाय यात. पाय खोटं बोलत नाहीत."

ती रडायला लागली. पहिल्यांदा आवाज न करता आणि मग आवाज करून. कारागिराची बायको डबा घेऊन आली होती, तिने मुलीला पोटाशी धरलं. "मी जाते हिच्याबरोबर दवाखान्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांच्याकडे नोंद असेल, कपडे असतील. पोर एकटी कशी जाईल?" मुलीने जाताना घरी फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "आई, बाबा गेले गं." जोडा फळीवरच राहिला.

त्या दोघी गेल्या. कारागिराला फार दिवसांनी हलकं वाटलं. डोक्यावरचा बोजा उतरला, पोरीच्या वाट्याला दुःख आलं खरं, पण वाट बघणं तरी संपलं. तो पाणी प्यायला. मग त्याने सुई ओवायला घेतली.

शिट्टी वाजली.

त्याने श्वास रोखला. शिट्टी चालूच. फळीच्या आत, त्याच्या स्टुलापासून हातभर अंतरावर, ते पाय उभे होते. अंगठ्याचा दोरा तसाच.

"सांगितलं मी," कारागीर खाली बघतच म्हणाला. त्याला बरं वाटत होतं. "तुझ्या पोरीला सांगितलं. ती येतेय तुला न्यायला. झालं ना आता?"

शिट्टी थांबेना. त्याला वाटलं, याला अनवाणी जायचं नसेल. माणसाने आपला जोडा मागितला तर त्यात वावगं काय? त्याने काळा जोडा उचलून फरशीवर ठेवला, टाचा पायांकडे, तोंडं स्वतःकडे, गिऱ्हाइकाला द्यायची पद्धत असते तसा.

"घाल."

डावा पाय उचलला गेला. बोटं बुटात शिरली. पाय पुढे सरला आणि अडला. टाच बाहेर राहिली, चांगली दोन बोटं. पायाने पुन्हा जोर केला. कातडं करकरलं. टाच आत गेली नाही.

कारागीर बघत राहिला. सहा महिन्यांत मेलेल्याचा पाय वाढत नाही. त्याने उजवा बूट ओढून घेतला आणि आतलं अस्तर उपसून उजेडात धरलं. वापरून वापरून त्यावर बोटांचे ठसे उठले होते. अंगठ्याचा ठसा सगळ्यांत पुढे होता, दुसरं बोट त्याच्या मागे. मग त्याने जुनी, काढून टाकलेली टाच खोक्यातून शोधून काढली. ती बाहेरून झिजली होती. तेवढंच जुळत होतं. बाकी सगळं त्याने गुंगीत जुळवलं होतं, एकोणीस दिवस, एक एक बोट करून.

जोडा या माणसाचा नव्हता. हा माणूस त्या मुलीचा बाप नव्हता. आणि घरी फोन गेला होता.

तो उठायला गेला, पण बाहेर जायची वाट ते पाय अडवून उभे होते. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर जेमतेम कुजबुज बाहेर आली. रस्त्यावर माणसं जात-येत होती, त्यांचे पाय त्याला दिसत होते, एकही थांबला नाही.

"कोण आहेस तू?" त्याने विचारलं.

"सात दिवस... झाले," शिट्टी म्हणाली. "वर बघ."

कारागिराने हनुवटी छातीत घट्ट रुतवली. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन मान खाली दाबून धरली, सर्जनने दोन धाग्यांनी धरली नव्हती इतकी. नाही बघायचं. बायको येईपर्यंत नाही बघायचं. स्पिरिटचा आणि ओल्या कापसाचा वास नाकाशी आला. फरशीवरचे पाय चवड्यांवर उचलले गेले, कुणीतरी वाकत होतं.

मग त्याच्या हनुवटीखाली दोन गार बोटं आली आणि अगदी सावकाश, घाई न करता, एक एक सूतभर, त्यांनी ती वर उचलायला सुरुवात केली.